तू आधी कर, मग मी

—मेसेजमध्ये काही चुकीचं लिहिलं असेल तर पोटात घाला मामा, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही, आठवीत शाळा सुटली ती सुटलीच — म्हणून तर तुम्हाला कळवलं ना, की इथेच या, मानकोली नाक्यावर, आमच्या गोडाऊनच्या गेटसमोर, जेवणाच्या सुट्टीत समोरासमोर बोलू. बोलणंही माझं साधंच आहे. घरात कुणी मोठं माणूस आलं की मी मागच्या दाराने सटकणारा, चारचौघांत तोंड उघडणं मला जमत नाही. बसा ना, बाक पुसून घेतलाय मी. मी उभाच बरा — तसं नाही हो, बसता येतं मला, दिवसभर फोर्कलिफ्टवर बसलेलाच असतो, सुट्टीत तेवढे पाय मोकळे करतो. भैया, दो कटिंग, एक में शक्कर कम — तुमच्या वयाकडे बघून बोललो, रागावू नका.

तर देवेशचं विचारायला आलात. तुमच्या भाचीला, रुचिकाला, त्याचं स्थळ आलंय, आणि मामाने चौकशी करायची — बरोबर आहे. मुलाच्या घरी विचारून काय कळणार, तिथे सगळे गोडच बोलणार, मुलाच्या दोस्ताला गाठायचं. मीपण तेच केलं असतं. विचारा. घर तर तुम्ही बघितलंच, बापाच्या शेतावर गोडाऊन उभी राहिली, भाडं येतं, खायची-प्यायची ददात नाही. दारू? हळदीत मित्रांनी ओतली तर घेतो, आपणहून बाटली शोधणारा नाही. भांडकुदळ नाही. पोरीवर हात उचलणार नाही, हे मी लिहून देतो — म्हणजे लिहून नको, तोंडीच घ्या. आणि बोलायला तर विचारू नका. आपल्याकडे कुठेही टेनिस बॉल क्रिकेटची मोठी मॅच असली की कॉमेंट्रीला देवेश पाहिजेच, त्याच्या हातात माईक आला की हरलेली टीमपण हसत घरी जाते. मोबाइलवर ऐकलं असेल तुम्ही त्याला. आणि —

आजारपण?

नाही. म्हणजे, काही नाही. म्हणजे मला कसं माहीत असणार मामा, आपल्या शरीराचं कोण दुसऱ्याला सांगतं. तुम्ही एक करा, हे दुसऱ्या कुणाला विचारा. आमचं बोलणं नाही सध्या. तो फोन करतो, मी उचलत नाही. गावच्या फायनलपासून, दोन महिने होतील आता. भांडण कसलं, भांडायला तोंड लागतं. तुम्ही ऐकलं नाही काय झालं ते? खरंच नाही? शेजारच्या अंजूरपर्यंत गेलंय, मला तर मघापासून वाटतंय की तुम्ही मला बघून मनात हसताय. तुमचं गाव कुठलं — खाडीपलीकडे, हां, मग ठीक. मग माझ्याकडूनच ऐका, लोकांकडून मसाला लावलेलं ऐकण्यापेक्षा. माझं सांगतो. त्याचं नाही, फक्त माझं.

मला भगंदर झालेला. आता तुम्ही कप खाली ठेवलात — घ्या, घ्या, लागत नाही तो कुणाचा कुणाला. मूळव्याध वेगळी, हे वेगळं. बसायच्या जागेच्या शेजारी गळू आलं. आईला गळूच सांगितलं, खोटं नव्हतं ते, सुरुवात तशीच होते. ठणका असा, की फोर्कलिफ्टचं चाक जरा कुठे खड्ड्यात गेलं की डोळ्यांपुढे अंधारी. मग एक दिवस आपोआप फुटलं, आणि इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की मी घरी सगळ्यांना वडापाव आणले. आई बोलली, कसले रं वडे? मी काय सांगणार. पण ते बरं होणं नव्हतंच. आत बोगदा पडला होता — एक तोंड बाहेर कातडीवर, दुसरं आत. थोडे दिवस गेले की भरायचं, ठणकायचं, फुटायचं, परत तेच. पँटला डाग. मी सीटवर खोक्याचा पुठ्ठा टाकून बसायचो आणि शिफ्ट संपली की तो आतल्या बाजूने दुमडून कचऱ्यात. सुपरवायझर विचारायचा, काय रे, अंडी उबवतोस का खाली? मी हसायचो. माझे कपडे मीच धुवायला लागलो, आईला वाटलं पोरगं सुधारलं. गावातल्या एका बाईने पाला वाटून दिला, तोही लावून झाला. डॉक्टरकडे जायचं म्हणजे — तुम्हीच सांगा, पँट सोडून दाखवायचं कुणाला? स्वतःचं नाव सांगताना माझी मान वर होत नाही, ते कुठून दाखवणार.

ओळखलं ते एकट्या देवेशने. त्याच्या बाईकवर मागे मी एका मांडीवर बसायचो. एकदा पुलाखाली त्याने गाडी थांबवली, मागे वळला आणि बोलला, भगंदर आहे तुला. मला वाटलं जमीन फाटावी. पण तो हसला नाही मामा. टिंगल हाच ज्याचा धंदा, तो हसला नाही. कल्याणचा दवाखाना, डॉक्टरांचं नाव, कुठल्या वारी बसतात, सगळं त्याला पाठ. बोलला, आता पहिल्यासारखं कापत नाहीत, लेझर मारतात. कापण्याचीच तर भीती होती आम्हाला. गावात तुळशीराम काका होते, त्यांचं जुन्या काळी उघडून कापलेलं, त्यात आतला स्नायूच कापला गेला — मग त्यांना कळायचंच नाही हो, कधी होतंय ते. लग्नाला जायचे बंद झाले, देवळात जायचे बंद झाले, ओटीवर गोणपाट टाकून एकटे बसायचे. लहानपणी आम्ही दोघं त्यांच्या ओटीवरून नाक दाबून पळायचो. ते डोळ्यांसमोर. म्हणून देवेश बोलला, तू आधी कर, तुझं कसं होतं ते बघून मग मी —

काय? नाही, काही नाही. मी काय बोललो? 'मग मी' म्हणजे — मग मी येतो तुझ्याबरोबर, असं. असं बोलला तो. माझं बोलणं असंच तुटक असतं मामा, त्याचा अर्थ लावत बसू नका. तुमचा चहा निवतोय.

असे बघू नका ना.

बरं, मला एक सांगा. माझा नंबर तुम्हाला दिला कुणी? गावात शंभर लोक आहेत देवेशला ओळखणारे, तुम्ही मलाच कसं —

देवेशने?

त्याने स्वतः? काय बोलला? ... 'विवेकला विचारा, त्याला माझं सगळं माहीत आहे.' हसत बोलला असेल. नाही, हसतच बोलला असेल, मी ओळखतो ना. बघा म्हणजे. मला वाटत होतं की निदान लाजेने तरी हा माझं नाव गाळेल. आणि याने तर पहिलं माझंच नाव दिलं. एवढं करून त्याला खात्री, की विवेक गप्प बसणार. मी काय याच्या घराचं कुलूप आहे का मामा — लावलं आणि निघाला?

होय. त्यालाही होता. माझ्याही आधीपासून. म्हणून तर सगळं पाठ होतं, दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलेला माणूस तो. सगळ्या जिल्ह्याची टर उडवणारा, त्याची कुणी उडवली असती तर? म्हणून मी आधी. आणि खरं सांगतो, मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. दोस्त आहे, हात धरून नेतोय, एवढंच वाटलं. डॉक्टर चांगले भेटले. एमआरआय काढला आणि काळ्या चित्रातली पांढरी रेघ दाखवली — हा तुझा बोगदा, हा स्नायूतून जातोय, हा उघडून कापला तर शौच धरून ठेवायची ताकद जाईल, म्हणून कापायचाच नाही. आधी आतून घासून साफ करायचा, मग बारीक तार आत सरकवायची, तिच्या टोकाला लेझर, आणि मागे घेत घेत आतल्या बाजू शेकत यायचं, मग तो आपोआप मिटत जातो. कुणाकुणाचा पुन्हा उघडतो, हेही त्यांनी लपवलं नाही. कमरेखाली बधिर केलेलं, मला काही कळलं नाही, दुसऱ्या दिवशी घरी. मग कोमट पाण्याच्या टबात बसायचं, इसबगोल घ्यायचं, पट्टी बदलायची. आईला सांगितलं, गळू कापून आणलं.

आणि देवेश रोज यायचा. रोज. दार लोटून घ्यायचा आणि विचारायचा — दुखतं का, जळतं का, संडासला बसल्यावर कसं वाटतं, आणि ते — ताबा आहे ना? मी सगळं सांगायचो. डॉक्टरला सांगायला लाजलो ते याला सांगितलं. मला वाटायचं काळजीने विचारतो. काळजी होतीच हो, फक्त कुणाची, ते मला उशिरा कळलं. माझी जखम दाखवायला गेलो त्या दिवशी तो बरोबर होता, आणि माझं सगळं व्यवस्थित आहे म्हटल्यावर तिथेच त्याने आपली तारीख घेतली. सोमवारची. घरी सांगितलं की उरणला कॉमेंट्रीला चाललोय. आणि आदल्या रविवारी आमच्या गावची फायनल.

मैदान म्हणजे भात कापलेलं शेत, एका अंगाला गोडाऊनची पत्र्याची भिंत, दुसऱ्या अंगाला मंडप. दरवर्षी मी बॉलिंग टाकतो, यंदा डॉक्टरांनी नाही सांगितलेलं, गावाला मी मणक्याचं कारण दिलं आणि बाउंड्रीवर उभा राहिलो. आता देवेशची एक पद्धत आहे. मॅच मोबाइलवर लाइव्ह चालू असते, तिथे लोक लिहीत असतात, आणि दोन ओव्हरच्या मध्ये तो ते माईकवर वाचून दाखवतो — आधी न बघता, धडाधड, टेमघरहून हे बोलतात सिक्स पाहिजे, दुबईहून ते बोलतात आमच्या भावाला बॅटिंग द्या. आपलं नाव त्याच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून लोक लिहितात. त्याच्या डोळ्यांच्या पुढे त्याचं तोंड धावतं. तसंच वाचत गेला, 'देवेशदादा, परवा तुम्ही कल्याणच्या भगंदरच्या दवाखान्यातून बाहेर पडताना —' आणि अडकला.

अख्ख्या मैदानावर ते अर्धं वाक्य तसंच राहिलं. भोंग्यातून त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. एवढ्या लांबून मला वाटलं, तो बोलतोय, विवेक, वाचव. मी काय करू शकणार होतो, माझ्या हातात माईक नव्हता. आणि मग तो बोलला —

"अरे, पेशंट मी नव्हतो बाबांनो, मी आपल्या विवेकला घेऊन गेलेलो. तो बघा बाउंड्रीवर, सकाळपासून उभाच हाय. कुणी खुर्ची देऊ नका त्याला. लेझर मारलाय, लेझर — आता याच्या मागून बॉल गेला तर थेट आरपार."

काय हसले लोक. कॅमेरावाल्याने कॅमेरा माझ्यावर फिरवला, ते त्याचं कामच. बॅटिंगवाला बॅटवर रेलून हसत होता. डीजेवाल्याने तो पोंगा वाजवला, सिक्स गेल्यावर वाजवतात तो. बायकांच्या बाजूला आई बसलेली, तिला तो शब्दच कळला नाही, ती शेजारणीला विचारत होती काय झालं म्हणून, आणि शेजारीण तोंडाला पदर लावून नुसती हलत होती. मी? मीपण हसलो मामा. हात वर केला, टाळ्या मिळालेल्या माणसासारखा.

डाव संपल्यावर तो मंडपामागे आला, माझं मनगट धरलं. मला वाटलं, माफी मागेल. मागितली असती तर मी तिथेच विसरलो असतो, मी तसाच आहे. तो बोलला, "तुझं झालंय ना आता, तू बरा झालास. माझं अजून व्हायचंय." बस. एवढंच. म्हणजे माझं ऑपरेशन आधी, आणि माझी अब्रूपण आधीच. त्याच्या डोक्यात ते इतकं सरळ होतं. मी मनगट सोडवून घेतलं. घरी आई चुलीपुढे बसून राहिली होती, तिला तोवर कुणीतरी समजावून सांगितलेलं. बोलली, "मना का नाय सांगलंस?" तिला रोगाचं काही नव्हतं, तिला एवढंच लागलं, की गावाला माहीत आणि तिला नाही.

मलाही एक स्थळ होतं तेव्हा. मनाली नाव, अंजूरची, तिच्या घरची माणसं दोनदा येऊन गेलेली, दुसऱ्यांदा तर ती स्वतः आली होती आणि जाताना आईला वाकून गेली. फायनलनंतर निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. आणि मला नाव पडलं लेझर. गावात, नाक्यावर, इथे गोडाऊनमध्येपण. यूपीचे हेल्पर हाक मारतात, लेझरभाई, ये माल उठा दो — ते प्रेमाने मारतात, त्यांना वाटतं मी गाडी फास्ट चालवतो म्हणून. त्यांना मी काय सांगू. ओ दिली की झालं. आणि त्याच देवेशला तुम्ही पोरगी देताय, आणि येऊन मला विचारताय, मुलाला काही आजारपण आहे का.

नाही, उठू नका. ऐका. असे अर्ध्यावरून गेलात तर माझ्या डोक्यावर राहील ते. त्या आजारासाठी लग्न मोडू नका मामा. लागत नाही तो, पोराबाळांत उतरत नाही, संसाराच्या आड येत नाही, हे मी डॉक्टरांना आपल्या तोंडाने विचारलेलं आहे, मनालीसाठी. आणि देवेशचा बरा झालाय. हल्ली मॅच लागली की मी मोबाइलवर बघतो — त्याची बडबड ऐकायला नाही, आवाज बंदच ठेवतो — तो बसतो कसा ते बघतो. खुर्चीत ऐसपैस बसतो, दोन्ही मांड्यांवर. पोरीला सुखात ठेवेल. फक्त तिला सांगा की — नाही. काही सांगू नका तिला. ते तिचं तिला कळेल.

मला कसं माहीत म्हणजे? त्याचं झालं हे मला कसं माहीत? मीच नेलं त्याला.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी. गाव झोपलेलं होतं, मंडप तसाच उभा होता. मी गाडी काढली आणि त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबलो, ठरलं होतं तसा. का गेलो, विचारू नका. ठरलं होतं, आणि दवाखान्यात सोबत कुणीतरी लागतं, आणि त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नव्हतं. तो आला, मागे बसला, एका मांडीवर. वाटेतले खड्डे मी सगळे चुकवले, ते मला माहीत होतं कसं लागतं. आत नेताना त्याने गळ्यातली साखळी काढली, अंगठ्या काढल्या, फोन, सगळं माझ्या ओंजळीत ठेवलं आणि गेला. मी बाहेर बाकावर. थोड्या वेळाने फोन वाजायला लागला, थांबेचना. कालची क्लिप फिरत होती आणि ज्याला त्याला ती देवेशलाच पाठवायची होती, शाबासकी म्हणून. त्याच्या फोनला कुलूप नसतंच कधी. बोट लागलं आणि सुरू झाली. माझाच चेहरा, हात वर केलेला. आत त्याच्या अंगात ती तार चालली असेल, आणि माझ्या हातात त्याचा आवाज — लेझर मारलाय, लेझर. बाकावरचे लोक आधी फोनकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. मला आवाज कमी करायचं बटण सापडेना. शेवटी फोन रुमालात गुंडाळला, वर साखळी ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

डॉक्टर बाहेर आले, बोलले, सगळं आतूनच केलं, स्नायूला धक्का नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला खरंच बरं वाटलं. मग त्याला खाटेवर आणलं, गुंगीत होता. मी पायथ्याशी उभा. मला वाटत होतं, आता बोलेल. आता काही लपवायचं उरलं नाही, आता तरी एक शब्द बोलेल. त्याने डोळे उघडले, माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं आणि विचारलं, "आपल्याकडचं कुणी दिसलं का रे इथे?"

मी साखळी त्याच्या गळ्यात घातली, आकडा लावला. बोललो, नाही. कुणी नाही. माझ्याकडून कुणाला कळणार नाही. तेवढं बोललो आणि बाहेर आलो, त्याच्याशी बोललेलं ते शेवटचं. शब्द दिला होता मामा मी, आणि आज तुमच्यासमोर —

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आमचा. जा तुम्ही.